भाग 41 : डबे, टिपाडं आणि राखेतलं बी

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

मी जालन्याहून बोलतेय. मागे जो घर्रर्र आवाज येतोय ना, ती शेजारची मोटार आहे. आज आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस. मोटार बंद व्हायची वाट बघत बसले असते तर हा भाग उद्यावर गेला असता, म्हणून तसाच रेकॉर्ड करतेय. सांभाळून घ्या.

परतूरच्या एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला होता. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, माणसं पाच. त्या म्हणाल्या, ‘मोबाईलवर बघितलं की सगळ्यांच्या स्वयंपाकघरात एकसारखे पारदर्शक डबे, त्यावर नावं. तसं करायचं तर किती खर्च येईल? आणि नसेल करायचं तर काय करायचं?’

ताई, तसे डबे मीही बघितले होते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी एका दुकानात जाऊन हिशेबच केला. तीस डब्यांचा आकडा ऐकला आणि नुसती खलबत्त्याची मुसळी घेऊन परत आले. पण डोक्यातलं खूळ काही गेलं नाही. नवे डबे नाहीत तर निदान जुनी डबडी तरी घरातून घालवू, असं ठरवलं. त्या सफाईत माझ्या हातून एक चूक झाली. ती शेवटी सांगते, कारण आधी सांगितली तर बाकीचं तुम्ही ऐकणार नाही.

आपल्याकडं साठवण ही काही नवी गोष्ट नाही. माझ्या सासूबाईंचं घर घनसावंगी तालुक्यात. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं कोपऱ्यात उतरंड होती. खाली मोठा रांजण, त्यावर डेरा, त्यावर मडकं, वर गाडगं, सगळ्यात वर झाकणाला येळणी. एका माणसाला बसायला लागते तेवढ्या जागेत वर्षाची डाळ, मीठ, चिंच, हळद उभी. भिंतीत दिवळ्या, आढ्याला शिंकाळं, ज्वारीला कणगी. मोठ्या वाड्यांत बळद असायचं, आणि गावात पेव. जमिनीत खोल खणलेलं, तोंड लहान, पोट मोठं. शाळूची ज्वारी त्यात उतरवायची. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा कोंडलेली असते, हे लहान पोरांनासुद्धा माहीत होतं.

नंतर पत्र्याच्या कोठ्या आल्या, तेलाचे डबे आले, डालड्याचे पिवळे डबे आले. मग हॉर्लिक्सच्या बाटल्या, बिस्किटांचे निळे गोल डबे, ज्यात बिस्किटं कुणाच्याच घरी नसतात, सुया-दोरे असतात. आणि आता आइस्क्रीमचे डबे. म्हणजे डबे विकत घ्यायची पद्धत आपल्याकडं तशी कमीच. जे येईल ते धुऊन ठेवायचं. बोहारणीला जुन्या साड्या देऊन एखादा स्टीलचा डबा घेतला की ती चैन.

आता कामाचं.

तेलाचा 15 किलोचा पत्र्याचा डबा मला सगळ्यात आवडतो. हॉटेलवाले, फरसाणवाले तो भंगारात विकतात. आपण नेहमीचं गिऱ्हाईक असलो तर त्याच भावात देतात. वरची बाजू कापून, कड आत वळवून, बिजागरीचं झाकण बसवून देणारे पत्र्याचे कारागीर अजून आहेत. जुन्या जालन्यात दोघे तरी मला माहीत आहेत. असा डबा धुण्याचा सोडा आणि कढत पाण्यानं दोनदा धुवायचा, आणि पुसून नाही, उन्हात वाळवायचा. त्यात गहू साधारण बारा किलो बसतो. मीठ, चिंच, लोणचं मात्र चुकूनही ठेवू नका, पत्रा खाल्ला जातो. लोणच्याला चिनी मातीची बरणीच. आणि तळाला वर्तमानपत्र घालायची सवय मोडा. शाई धान्याला लागते. त्यापेक्षा दुकानातून येणारा खाकी कागद बरा.

चौकोनी डबा का म्हणते? गोल डबे शेजारी-शेजारी ठेवले की मधे कोपरे रिकामे राहतात. गोल डबा त्याच्या चौकोनी जागेतली शंभरातली जेमतेम 78-79 भाग जागा वापरतो. म्हणजे पाच फळ्यांतली एक फळी नुसती हवेला दिली. ताईंच्या दोन खोल्यांत हा फरक मोठा आहे.

पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीत तूरडाळ साधारण 800 ग्रॅम मावते. दुसऱ्या बाटलीचा वरचा भाग कापला की नरसाळं तयार. बाटली आडवी ठेवता येते, कपाटाखालच्या चार बोटांच्या फटीतसुद्धा. आतलं दिसतं, त्यामुळे नाव लिहायला नको. फक्त बाटली आतून अगदी कोरडी हवी. एक थेंब राहिला की डाळीला बुरशी. आणि गरम काही त्यात ओतायचं नाही.

जालन्यात राहता आणि कॅरेट नाही घरात? मोसंबीच्या मार्केटात फुटकी-कानतुटकी कॅरेट स्वस्तात मिळतात. मी सहा आणली. आडवी करून एकावर एक रचली, तारेनं एकमेकांना आणि भिंतीतल्या खिळ्याला बांधली. झालं कपाट. खालच्यात कांदे, वरच्यात लसूण, त्यावर मुलीची वह्या-पुस्तकं. कांदा आणि बटाटा एका कॅरेटात ठेवत नाही, दोन्ही लवकर खराब होतात. आमच्याकडं पाहुणे आले की पहिलं त्या कॅरेटांकडं बघतात आणि मग विचारतात, ‘बाग घेतली का मोसंबीची?’

गोणीचं मात्र जपून. खताच्या गोण्या धुऊन त्यात गोधड्या, जुने कपडे भरून माळ्यावर टाकायला काही हरकत नाही. पण धान्य नको. बियाण्याच्या पिशव्याही नकोत. पेरणीच्या बियाला औषध चोळलेलं असतं, ते लाल-गुलाबी दिसतं ना, ते उगीच नसतं. फवारणीच्या औषधाची बाटली, कॅन तर घरात आणायचाच नाही, मग तो कितीही दणकट असो. मी एका घरी रॉकेलसाठी तो कॅन बघितलाय, आणि एका घरी, खरं सांगते, ताकासाठी. बाटलीवर चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे चालेल असं नाही. 1971 च्या कीटकनाशक नियमांतसुद्धा रिकामी भांडी उघड्यावर न टाकता फोडून वस्तीपासून लांब पुरावीत असं आहे. कापसाच्या मुलखात हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी तो कॅन विहिरीवर दिसतोच.

निळ्या टिपाडाचंही तेच. दोनशे लिटरचं टिपाड भंगारात मिळतं. आधी त्यात काय होतं ते विचारा. विकणारा सांगत नसेल तर घेऊ नका. वास गेला म्हणजे ते गेलं असं नसतं, प्लॅस्टिक ते पिऊन बसलेलं असतं.

आता धान्याच्या गोळीबद्दल बोलायचंय, आणि इथं जरा थांबते.

एप्रिल-मे महिन्यात आपण वर्षाचा गहू भरतो. पोरकिडे होऊ नयेत म्हणून कोठीत गोळी टाकतात. ‘गोळी’ म्हणून दुकानातून सुटी आणतात, फडक्यात बांधतात आणि गव्हात खुपसतात. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतल्या, धान्यातल्या ओलाव्यानं तिच्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम. ती गोदामात, ताडपत्रीखाली, शिकलेल्या माणसांनी वापरायची वस्तू आहे. घरी वापरायला ती विकायलाच परवानगी नाही. तरी मिळते. आणि आपल्या घरात कोठी कुठं असते? झोपायच्या खोलीत. वायू हवेपेक्षा जड, आपण खाली अंथरुणावर. त्यावर उतारा असं औषध नाही.

आमच्या घरी ती गोळी कित्येक वर्षं टाकली जात होती. आमचे हे खिडकीजवळ झोपतात आणि खिडकी उघडी असते, एवढंच आमचं नशीब. मी शहाणी होते म्हणून ती बंद झाली असं नाही. एका वर्षी मळमळ, डोकं दुखणं असं सगळ्यांनाच झालं. डॉक्टरांनी विचारलं, ‘घरात धान्य भरलंय का नवीन?’ तेव्हा कळलं. त्या रात्री कोठी अंगणात ओढून काढली आणि आम्ही गच्चीवर झोपलो.

आता काय करतो? गहू दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवतो. दाताखाली कट्कन तुटला पाहिजे, दबला नाही पाहिजे. मग सावलीत पूर्ण गार होऊ देतो. गरम भरला की आत घाम सुटतो. तूरडाळीला एरंडेलाचा हात. ज्वारीत वाळलेला कडुलिंबाचा पाला. आणि मुख्य म्हणजे एका मोठ्या कोठीऐवजी तेलाच्या डब्यांत वाटून ठेवतो. एका डब्यात किडा झाला तर बारा किलो गेला, दीड क्विंटल नाही. वापरायचा डबा एकच उघडा, बाकीच्यांची झाकणं गच्च. इथं लहान डबे मोठ्या कोठीला भारी पडतात, हे मला कुणी शिकवलं नाही, अनुभवानं आलं.

(मोटार बंद झाली बघा. आता आमचा नंबर. पाच मिनिटं थांबते.)

हं, आले. पाण्याचाच विषय घेऊ.

जालन्याच्या माणसाला घरातलं सगळ्यात मोठं भांडं कोणतं विचारा, तो धान्याचं सांगणार नाही, पाण्याचं सांगेल. 2013 च्या दुष्काळात घाणेवाडी तलाव आटला होता, टँकरमागं हंडे-घागरी घेऊन पळालेली आमची पिढी आहे. पुढं जायकवाडीचं पाणी आलं, पण हातची सवय गेली नाही. नळ आठ-दहा दिवसांनी येतो, कधी अजून उशिरा, म्हणून दिसेल त्यात भरायचं. टाकी, टिपाडं, बादल्या, कळशा, कुकरसुद्धा. आमच्याकडं न्हाणीमागं दोन टिपाडं होती. एकातलं पाणी वापरायचं, दुसरं ‘असू दे, वेळेला’ म्हणून. ते दुसरं कधी पूर्ण रिकामं होतच नव्हतं. वरून नवं पाणी पडायचं.

तीन वर्षांपूर्वी, पावसाळा संपता संपता, माझ्या मुलीला ताप आला. डेंग्यू. पाच दिवस दवाखान्यात. रोज सकाळी रक्त काढायचे आणि प्लेटलेटचा आकडा यायचा, आणि मी तो आकडा वहीत लिहायची, जणू वहीत लिहिल्यानं तो वाढणार आहे. ती वही अजून आहे. चौथ्या दिवसाच्या आकड्यापुढं काही लिहिलेलं नाही, नुसतीच रेघ आहे.

ती बरी झाली. घरी आल्यावर आरोग्य खात्याच्या ताई घरोघर फिरत होत्या. त्यांनी दुसऱ्या टिपाडात बॅटरी मारली. अळ्या वळवळत होत्या. स्वच्छ, चांगलं, आम्ही जपून ठेवलेलं पाणी. तो डास गटारात नाही, असल्या पाण्यातच होतो, आणि चावतो दिवसा. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत सात ते दहा दिवस लागतात. आता आमच्या नळाचा हिशेब लावा, तोही आठ-दहा दिवसांचा. म्हणजे नळाच्या एका फेरीत डासाची एक पिढी.

ताईंनी आणखी एक सांगितलं ते मला माहीत नव्हतं. अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात. पाणी ओतून दिलं तरी ती तिथंच. कोरड्यात कित्येक महिने राहतात, आणि पाणी भरलं की फुटतात. म्हणून नुसतं रिकामं करून चालत नाही, नारळाच्या शेंडीनं आतून घासायला लागतं.

तेव्हापासून नियम असा. नळ येण्याच्या आदल्या दिवशी एक टिपाड पूर्ण उपसायचं. उरलेलं पाणी झाडाला, फरशीला, धुण्याला. आत घासायचं, उन्हात पालथं घालायचं, आणि दुसऱ्या दिवशी भरायचं. नळ लांबला तरी सात दिवसांच्या वर पाणी एका भांड्यात उभं ठेवायचं नाही, दुसऱ्या टिपाडात गाळून ओतायचं. तोंडाला जुन्या धोतराचं कापड दुहेरी बांधतो, त्यावर सायकलच्या ट्यूबची कापलेली चकती रबरासारखी ओढून बसवतो. झाकणापेक्षा हे चांगलं, कारण झाकणाला पाइप घालायला भोक पाडलेलं असतं आणि डासाला तेवढं पुरतं. ट्यूब फुकट, सायकलवाला देतो. आणि भांडी कमी केली. अकरा होती, आता पाच. पाच घासून होतात, अकरा होत नाहीत.

बरं, आता ती चूक.

दिवाळीची सफाई सुरू होती. सासूबाई तेव्हा आमच्याकडंच राहायला आल्या होत्या, सोबत त्यांची पेटी आणि सात-आठ डबडी. त्यात एक डालड्याचा डबा, गंजलेला, पोचा आलेला. त्या दिवशी त्या दवाखान्यात गेल्या होत्या. मी डबा उघडला. आत राख. चुलीची. मला वाटलं भांडी घासायला आणली असेल, आमच्याकडं गॅस आहे हे विसरून. राख घंटागाडीत टाकली, डबा भंगारवाल्याला दिला. मोकळ्या झालेल्या जागेत दोन बाटल्या नीट बसल्या. मी फोटोही काढला होता.

मे महिन्याच्या शेवटी, रोहिण्या लागल्यावर, त्या डबा शोधायला लागल्या.

‘काय माय, माझा डालड्याचा डबा कुठं ठिवलास?’

‘आत्याबाई, त्यात तर नुसती राख होती.’

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘राखंत बी होतं.’

दोडक्याचं, दुधी भोपळ्याचं आणि वाळकाचं. वाळूक त्यांच्या आईनं सासरी येताना दिलं होतं. तेव्हापासून दरवर्षी कापसाच्या पाटात पेरायचं, पहिलं चांगलं फळ बियाला राखायचं, बी राखेत घालून डब्यात ठेवायचं. राखेनं बी कोरडं राहतं, किडा शिरत नाही. ते मी पाहिलंच नाही. हात घातला असता तरी लागलं असतं.

आणि हे कुठं, तर जालन्यात. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 साली महिको ज्या गावात सुरू केली, ज्यांना पुढं 1998 मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, त्या बियाण्यांच्या गावात मी बी कचऱ्यात दिलं. आमचे हे म्हणाले, ‘दुकानातून आणू की पाकीट.’ सासूबाई काही बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन दिवस त्या जेवताना माझ्याकडं न बघता ताट पुढं करायच्या.

मंठा तालुक्यात त्यांची धाकटी बहीण असते. आम्ही तिच्याकडं गेलो. दोडका आणि भोपळा तिच्याकडं होता, हिनंच कधी काळी दिलेला. वाळूक नव्हतं, तिचं दुष्काळात मोडलं. मग बाजारात, ओळखीच्यांकडं, जिथं वाळूक दिसेल तिथं आणायचो. सासूबाई फोड तोंडात टाकायच्या, बी चिमटीत धरून बघायच्या. एकाला म्हणाल्या, ‘गोड हाय. पण ते न्हाई.’ तेच शेवटी पेरलं.

त्याचं बी आता हॉर्लिक्सच्या बाटलीत आहे, राखेत. राख गावाकडनं आणतो. बाटलीवर माझ्या मुलीनं कागद चिकटवलाय: ‘आजीचं बी. राख टाकू नये.’ त्यांच्या बाकीच्या डबड्यांना मी हात लावत नाही. ती वरच्या कॅरेटात आहेत, पोचे आलेली, कुणाला कुणाचं झाकण बसत नाही अशी.

परतूरच्या ताई, तुमच्या घरी भिंतीला खिळा ठोकू देतात का, ते कळवा. नाही तर कॅरेट नुसती तारेनं बांधून दोन थरांच्या वर रचू नका, पोरं चढतात. पुढच्या भागात कपडे आणि कागदपत्रं घेऊ, सातबारा ते रेशनकार्ड सगळं एका पेटीत कसं ठेवायचं ते. आणि कुणाकडं जुनं वाळूक असेल, लांबट, हिरव्यावर पिवळ्या रेघा असलेलं, पिकल्यावर तडकणारं, तर मला जरूर मेसेज करा. पाच-सहा बिया पुरेत.